रेंजरची रायफल.कॉन्फ: गणपतीपासून रोज वापरतोय, अनुभव सांगतो

गेल्या गणपतीच्या सीझनपासून रेंजर हाच माझा फाइल मॅनेजर आहे. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालतो, कीज विम या टेक्स्ट एडिटरसारख्या. गिरगावात आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडळांचे बॅनर, त्यामुळे दिवसभर एसव्हीजी (डिझाइनच्या फाइली), पीडीएफ, सीएसव्ही (कॉमांनी तोडलेल्या याद्या) यांच्यातच हात असतो. कुठली फाइल कशात उघडायची हे रेंजर रायफल.कॉन्फ नावाच्या फाइलीवरून ठरवतो, आणि मला रेंजर एवढा आवडायचं कारण तीच फाइल.

डीफॉल्ट नियम वाईट नाहीत, पण ते आपल्या कामासाठी थोडेच लिहिलेत. एसव्हीजीवर एंटर मारलं की मशीनवर इंकस्केप (डिझाइन एडिट करायचा प्रोग्रॅम) असल्यास तेच उघडतं. काउंटरवर काका उभे, त्यांना नुसतं डिझाइन बघायचंय आणि आपण इंकस्केप लोड व्हायची वाट बघतोय! सीएसव्ही मात्र टेक्स्ट धरली जाते आणि एडिटरमध्ये जाते, म्हणजे अख्खी वर्गणीदारांची यादी कॉमांसकट समोर.

रायफल, म्हणजे रेंजरचा फाइली उघडून देणारा भाग, नियम वरून खाली वाचते आणि ज्या ओळीच्या सगळ्या अटी आधी जुळतील तीच ओळ चालवते. म्हणून नेमका नियम वर आणि सगळ्या टेक्स्टला लागू होणारा मोठा नियम खाली, बाकी सगळं यावरच आहे. मी इंकस्केपच्या ओळीच्या वर एसव्हीजीसाठी फायरफॉक्सची ओळ टाकली, आणि टेक्स्टच्या नियमाच्या वर सीएसव्हीसाठी लिब्रेऑफिसची. इंकस्केपची ओळ उडवू नका हां, आर दाबलं की जुळणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमची नंबरवार यादी येते, एडिट करायचं असेल तेव्हा तिथून घ्यायचं. आणि ग्राफिकल प्रोग्रॅमच्या ओळीत फ्लॅग एफ (प्रोग्रॅम वेगळा चालवायची खूण) हवाच, नाहीतर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत रेंजर अडकून बसतो.

हॅज ही अट मला सगळ्यात आवडते. प्रोग्रॅम मशीनवर नसेल तर ती ओळ सोडून पुढची बघितली जाते, त्यामुळे दुकानातल्या पीसीवर आणि घरच्या लॅपटॉपवर एकच फाइल चालते, काही बदलावं लागत नाही.

गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवर एक्स्टेन्शनच नसलेले फोटो येतात, ते पण नीट उघडतात, कारण नावावरून माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची ते) कळला नाही की रायफल ‘फाइल’ नावाच्या कमांडला विचारते आणि ती आतला मजकूर बघते. पण पीएनजीला कोणी पीडीएफ असं नाव दिलेलं असेल तर फसगत होते, नाव आधी बघितलं जातं ना.

तक्रारी आहेत. वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली एकदम सिलेक्ट करून उघडल्या तर अटी फक्त पहिल्या फाइलीवर तपासल्या जातात आणि बाकीच्या सगळ्या त्याच प्रोग्रॅमच्या गळ्यात, हे मला अजिबात पटत नाही. दुसरं म्हणजे तुमची रायफल.कॉन्फ असली की डीफॉल्टवाली वाचलीच जात नाही, म्हणजे रेंजर अपडेट झाल्यावर नवे नियम स्वतः बघून आणायचे.

सुरुवात करणाऱ्यांनी रेंजरला कॉपी-कॉन्फिग ऑप्शन देऊन डीफॉल्ट फाइलीची कॉपी काढा आणि तीच बदला, वरच्या कॉमेंट्समध्ये प्रत्येक अट समजावलीय. नियम बदलला की टर्मिनलमध्ये रायफल, डॅश एल आणि फाइलीचं नाव टाका, काहीही न उघडता कुठला प्रोग्रॅम कितव्या नंबरला आहे ते दिसतं.