लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलची सीट : जेल पॅड, हवेची गादी आणि सक्करदऱ्याचे कारागीर

नागपूरहून जबलपूरला मोटारसायकलने जाताना लखनादौन यायच्या आधीच मला गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटे नुसते उभे राहावे लागले होते, आणि त्या प्रवासातून परतल्यावर मी ठरवले की गाडीच्या सीटचे काही केल्याशिवाय आता लांब जायचे नाही. रस्त्याचा दोष नव्हता. पेंचच्या जंगलातून जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग उत्तम आहे, गाडीही विश्वासाची आहे, साडेतीनशे सीसीची, चार वर्षांपासून माझ्याच हाताखालची. कंबरही दुखत नव्हती. दुखत होती ती फक्त बसण्याची जागा, आणि ती अशी की शेवटच्या तासात लक्ष रस्त्यावर कमी आणि पुढच्या ढाब्याकडे जास्त होते, जे सुरक्षित मुळीच नाही.

गेल्या दीड वर्षात मी या दुखण्यावर पैसे मोजून तीन उपाय केले : आधी जेल पॅड, मग हवेची गादी, आणि शेवटी नागपुरातल्याच सक्करदरा भागातल्या एका कारागिराकडून सीट नव्याने बांधून घेतली. तिन्हींवर मिळून सहा हजारांच्या आसपास किलोमीटर झाले असतील. माझी उंची 5 फूट 3 इंच आहे. सीटच्या बाबतीत एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून पुढचे सगळे वाचताना हा आकडा ध्यानात ठेवावा.

आधी दुखण्याचे कारण सांगते, कारण ते कळेपर्यंत मी चुकीच्याच वस्तू विकत घेत होते. आपण सरळ पाठीने बसतो तेव्हा धडाचा बहुतेक भार नितंबांखालच्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. सीटचा फोम मऊ असेल तर ही टोके त्यात रुतत जातात, आणि अर्ध्या-पाऊण तासात फोम इतका दबतो की खालचा कडक प्लास्टिकचा बेसच भार घेऊ लागतो. त्या दोन ठिकाणची कातडी आणि स्नायू हाड आणि बेस यांच्यामध्ये चेपले जातात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आधी मुंग्या येतात आणि मग आग होते. शोरूममध्ये दोन मिनिटे बसून जी सीट सर्वांत गुबगुबीत वाटते तीच दोन तासांनी सर्वांत जास्त छळते, त्याचे कारण हे आहे. त्यातच बहुतेक सीटना पुढच्या बाजूला, टाकीकडे, थोडा उतार असतो. ब्रेक लावला की आपण पुढे घसरतो, पुन्हा मागे सरकतो, आणि या सरकण्यानेही मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटते. स्त्रियांच्या कटीची रचना रुंद असल्याने या दोन हाडांमधले अंतर सामान्यतः पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि पुढे निमुळत्या होत गेलेल्या सीटवर ती हाडे नेमकी कडेवर येतात. ही गोष्ट मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितली नाही.

जेल पॅड मी ऑनलाइन मागवले, साधारण दोन हजारांना. पट्ट्यांनी सीटवर बांधायचे असते आणि ते काम पाच मिनिटांचे आहे. रामटेकपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये फरक जाणवला, पहिला तासभर खरोखर सुखाचा गेला. पण अमरावतीला जाताना एप्रिल महिन्यात तळेगावजवळ जेवायला थांबलो आणि गाडी उन्हात राहिली. अर्ध्या तासाने येऊन बसले ती तशीच उठले. जेल हे वजनदार आणि उष्णता धरून ठेवणारे असते, एकदा तापले की लवकर निवत नाही. शेवटी ओढणी बाटलीतल्या पाण्याने भिजवून पॅडवर पसरली, दहा मिनिटे थांबले आणि मग निघाले. ज्या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तिथे चार महिने ही वस्तू उघड्यावर लावलेल्या गाडीसाठी निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात ती वाईट नाही, पण तेव्हाही मूळ दोष तसाच राहतो, कारण खालचा फोम दबतोच आणि त्यावर एक थर वाढवल्याने उंची मात्र पाऊण इंचाने वाढते. माझे पाय सिग्नलवर आधीच जेमतेम टेकत होते.

हवेची गादी याहून पुष्कळ विचार करून बनवलेली वस्तू आहे. एकमेकांना जोडलेल्या लहान लहान कप्प्यांतून हवा इकडून तिकडे सरकते, त्यामुळे भार एका ठिकाणी साचत नाही. ही कल्पना चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसून राहावे लागणाऱ्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाद्यांमधून आलेली आहे, आणि तत्त्व म्हणून ती अगदी खरी आहे. माझी चूक अशी झाली की मी ती फुग्यासारखी फुगवली. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना प्रत्येक वळणावर शरीर गाडीपेक्षा क्षणभर उशिरा वळते आहे असे वाटू लागले, आणि गाडीच्या मागच्या चाकाखाली काय चालले आहे ते कळेनासे झाले. वर पोहोचल्यावर हवा सोडत सोडत मी अशा ठिकाणी आले की गादी रिकामीच आहे असे हाताला वाटावे, पण बसल्यावर हाडे खाली टेकू नयेत. तेवढीच हवा लागते. आधी बसायचे आणि बसल्या बसल्या झडप उघडून हवा कमी करायची, हीच तिची रीत आहे. परतीचे 230 किलोमीटर मी एकदाच थांबून आले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तरीही ती मी आता वापरत नाही. उन्हात हवा प्रसरण पावते आणि दर थांब्यावर झडपेशी खेळावे लागते, गाडी सोडून कुठे जायचे तर गादी काढून सोबत न्यावी लागते, आणि शहरात रोजच्या वापराला ती नकोशी होते. वर्षातून एक-दोनदाच लांब जाणाऱ्याने, आणि ज्याला गाडीच्या मूळ सीटला हात लावायचा नाही त्याने, ती अवश्य घ्यावी.

आता कारागिरांविषयी. सक्करदऱ्याच्या बाजूला एका गल्लीत हे दुकान आहे, त्याला पाटी नाही, ऑटोवाल्यांना विचारले की ते दाखवतात, कारण त्यांच्या सीटांचे आणि हुडांचे काम बहुतेक तिथेच होते. दोघे नवरा-बायको दुकान चालवतात. काका फोम कापतात आणि काकू शिलाई मशीनवर कव्हर शिवतात. मी गेले तेव्हा सवयीने म्हणाले की मला नरम सीट हवी आहे. काकांनी माझ्याच सीटवर मूठ ठेवून सगळा भार टाकला, मूठ थेट बेसपर्यंत गेली, आणि ते म्हणाले, "ताई, हे नरमच आहे नं. नरमच पाहिजे होतं तर मग आल्या कायले?" इतक्या नेमक्या शब्दांत माझा प्रश्न मला कोणी समजावून दिला नव्हता.

त्यांनी दोन सल्ले दिले आणि दोन्ही मोलाचे होते. पहिला असा की कंपनीची मूळ सीट कापू नका, जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याच मॉडेलची वापरलेली सीट आणा, म्हणजे काम पसंत पडले नाही तर मूळ सीट तशीच राहील आणि गाडी विकतानाही उपयोगी पडेल. मला ती सीट 700 रुपयांत मिळाली, कव्हर फाटलेले होते पण बेस अखंड होता. दुसरा सल्ला उंचीविषयी होता. बुटक्या माणसाला पाय टेकत नसतील तर बहुतेक ठिकाणी सरसकट वरचा फोम तासून सीट खाली घेतात, आणि त्यात नेमका तोच फोम जातो ज्यावर बसायचे असते. काका म्हणाले की पाय उंचीने अडत नाहीत, रुंदीने अडतात. सीटच्या पुढच्या कडा, जिथे मांडी उतरते तिथे, गोल करून दिल्या की पाय सरळ खाली जातो आणि बसण्याच्या जागेचा फोम शाबूत राहतो.

माप घेण्याची पद्धत मला फार आवडली. काकूंनी मला गाडीवर बसवले, दोन्ही पाय टेकवायला सांगितले, आणि मांडीच्या कडेने शिंप्याच्या खडूने सीटवर रेघ ओढली. मग पाय फूटरेस्टवर ठेवून नेहमीसारखे बसायला सांगितले आणि मागच्या बाजूला, मी जिथे संपते तिथे, दुसरी रेघ ओढली. काकांनी त्या दोन रेघांच्या मधला भाग सोडून बाकी सगळे करवतीच्या पात्याने कापले आणि कडा ग्राइंडरने घासून गोल केल्या. मधल्या जागेचा जुना फोम काढून तिथे आधी रिबॉन्ड फोमचा पट्टा बसवला, हा फोमच्या चुऱ्यापासून दाबून बनवलेला, घट्ट आणि न दबणारा असतो. त्यावर 40 डेन्सिटीचा फोम, आणि सगळ्यांत वर जेमतेम अर्ध्या इंचाचा नरम थर. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते तो आकडा. तो टिकाऊपणा सांगतो, कडकपणा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही एकच समजून चढ्या डेन्सिटीचा फोम मागणारे गिऱ्हाईक पुष्कळ येतात, असे काका म्हणाले. पुढचा उतारही त्यांनी भरून काढला आणि बसण्याची जागा जवळजवळ सपाट केली. फोम चिकटवायचे सोल्युशन वाळेपर्यंत सीट रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कव्हर चढवून स्टेपल मारले.

कामाचे 2,600 रुपये झाले. पहिल्या बैठकीला सीट कडक वाटली आणि मी मनातून थोडी खट्टू झाले, हे लपवत नाही. पण त्या रविवारी सावनेर, सौंसर, छिंदवाडा या वाटेने तामियापर्यंत गेले, आणि छिंदवाड्यात चहाला थांबले तेव्हा ध्यानात आले की सौंसरच्या पुढच्या घाटातही मी एकदाही जागा बदलली नव्हती. त्यानंतर जबलपूरचा तोच प्रवास पुन्हा केला. पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटरमध्ये दोन थांबे घेतले, तेही पेट्रोल आणि जेवणासाठी. शेवटच्या तासात थकवा होता, पण तो खांद्यांना आणि डोळ्यांना होता. पाय सिग्नलवर आता पूर्ण टेकतात, आणि सीटची उंची मोजली तर ती पूर्वीइतकीच आहे.

उणिवाही सांगते. काम सांगितल्या दिवशी मिळाले नाही, दोन दिवस उशीर झाला. मागची कड पहिल्या वेळी इतकी उंच झाली होती की ती माकडहाडाला टोचत होती, ती परत जाऊन उतरवून घ्यावी लागली. काकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, मात्र अर्धा दिवस गेला. सर्वांत मोठी उणीव कव्हरची आहे. बसण्याच्या जागेच्या कडेने जी शिलाई आहे तिच्यातून जुलैच्या पावसात पाणी आत गेले, फोमने ते शोषले, आणि दोन दिवस सीटवर बसले की पँट ओली होत असे. आता कव्हरच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद घालून घेतला आहे. तो पहिल्याच वेळी मागून घ्यावा, कारण कारागीर स्वतःहून घालत नाहीत. कव्हरसाठी काळे गुळगुळीत रेक्झिन घेऊ नये. मी राखाडी रंगाचे, थोडे खरखरीत घेतले आहे, ते कमी तापते आणि ब्रेक लावल्यावर घसरू देत नाही.

उन्हाळ्यासाठी मी त्यावर टॅक्सीवाल्यांचे लाकडी मण्यांचे आसन बांधते. आयर्न बट असोसिएशन ही अमेरिकी संस्था 24 तासांत 1000 मैल, म्हणजे 1600 किलोमीटरहून अधिक, मोटारसायकल चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र देते, आणि इतके लांब जाणाऱ्या चालकांमध्ये हे मणी आणि मेंढीचे लोकरीसह कातडे या दोन्ही गोष्टी जुन्या परिचयाच्या आहेत. कारण साधे आहे, मण्यांच्या मधून हवा खेळते आणि घाम साचत नाही. चांगल्या सीटवर मणी टोचत नाहीत, मऊ सीटवर ते आत रुततात आणि टोचतात. सोबत जीन्सऐवजी शिवण जाड नसलेली पँट घालावी, कारण जीन्सची मागची शिवण नेमकी चुकीच्या जागी येते.

हा खर्च करावा का, असे मला मैत्रिणी विचारतात. समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद असल्याने नागपूरकरांना पश्चिमेकडे जायचे तर कोंढाळी, तळेगाव, अमरावती असा जुनाच रस्ता धरावा लागतो, आणि त्यावर गतिरोधक आणि गावे यांमुळे वेळ जास्त सीटवरच जातो. जी महिन्यातून एकदा तरी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते, तिने जुनी सीट मिळवून ती बांधून घ्यावी, असेच मी सांगेन. जेल पॅड आणि हवेची गादी या दोन्हींच्या किमतीची बेरीज माझ्या नव्या सीटच्या दुप्पट होती.

मागच्या बैठकीचे काम अजून राहिले आहे. माझी मुलगी रामटेकहून येताना कामठीच्या आधीपासूनच "आई, थांब नं" म्हणू लागते, आणि तिच्या जागेचा फोम अजून कंपनीच्याच मापाचा आहे. काकूंनी सांगितले आहे की तिचे माप तिलाच बसवून घ्यावे लागेल. तिची परीक्षा संपली की तिला घेऊन जायचे आहे, आणि या वेळी प्लास्टिकचा कागद आधीच सांगायचा आहे.