कुंपणासाठी कामिनी: चांगली, पण लिंबापासून लांब

बंगल्याच्या हद्दीवर दाट हिरवी भिंत हवी असेल तर नर्सरीतल्या रोपांत आमची पहिली पसंती कामिनीला. निवडताना उंचीला भुलू नका. बुडापासून फुटलेलं फूटभर रोप एकाच काडीच्या तीनफुटी रोपापेक्षा केव्हाही बरं. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप जुनं झालंय, परत ठेवा.

चर दीड फूट रुंद, तेवढाच खोल, भिंतीपासून दोन फूट आत. तीन पाट्या मातीला एक पाटी कुजलेलं शेणखत. दोन रोपांत सव्वा फूट. रोप धरलं की शेंडा खुडायचा. बहुतेक माळी इथेच चुकतात: उंची मिळेपर्यंत कात्री लावत नाहीत, मग कुंपण खालून उघडं पडतं. बूड रुंद, माथा अरुंद ठेवलात तर खालच्या पानांनाही ऊन मिळतं.

खोट एकच, पण मोठी. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कामिनीवरही पोसते. परसात लिंबू असेल तर मेंदी लावा. उन्हाळ्यात विरळ दिसेल, चालेल.

भराभर वाढतो म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारतात, तो नकोच. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि चराच्या ओळीत जुनं झाड आडवं आलं तर थेट कुऱ्हाड नाही: महाराष्ट्रात शहरी हद्दीत 1975 च्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.