फळीवरचा जळका वॉल्व्ह

माझी गाडी 2009 सालची, शंभर सीसी, वडिलांनी घेतलेली. मे महिन्यात शिंदेवाडीहून जुना कात्रज घाट चढताना तिने मान टाकली. तिसऱ्यावर ओढेना, दुसऱ्यावर रडायची, सायलेन्सरमधून अधूनमधून फट्‌फट्‌. घरी आल्यावर पाहिलं तर किक इतकी हलकी की हातानेही दाबता यावी.

घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, आणि विचारूही नका) दोन किका मारून निदान केलं, "काका, एक्झॉस्ट वॉल्व्ह जळालाय. हेड खोलावं लागेल." (हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह म्हणजे त्यातली जळालेला धूर सायलेन्सरकडे सोडणारी झडप. ती नीट मिटली नाही की इंजिनात दाब टिकत नाही आणि किक हलकी होते.) निदान अगदी बरोबर होतं. म्हणूनच तर मी फसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार. गॅरेजमधल्या पोराने हातावर एक काळाकुट्ट वॉल्व्ह ठेवला, कडेचा लचका तुटलेला. "हा बघा तुमचा जुना." पावतीच्या नावाखाली वहीतलं पान फाडून दिलं, त्यावर 'हेड काम कंप्लीट 3,900' एवढंच. मी जीपेवर पैसे दिले. गाडी एका किकमध्ये चालू झाली आणि आवाज असा मऊ, की जणू शिवणयंत्र. मी खूश होऊन वीस रुपये पोराला चहाला दिले. आता आठवलं की हसूही येतं आणि रागही.

सहाशे किलोमीटरसुद्धा धड झाले नाहीत. पुन्हा किक हलकी, पुन्हा फट्‌फट्‌. गॅरेजवाला म्हणाला, "पेट्रोल खराब असेल." आठवड्याने म्हणाला, "आता रिंगा गेल्या, बोअर करावा लागेल." (म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कापावा लागेल.) आठ हजारांचा आकडा ऐकला आणि मी गाडी टेम्पोत घालून नाना पेठेत नेली. तिथे ओळखीतून कळलेले एक वयस्कर मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी आधी हेडला हातही लावला नाही. प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, प्लग परत लावला आणि किक दाबली. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून किक जड झाली असती. ती होती तशीच हलकी. मग किक सावकाश दाबत मला सायलेन्सरला कान लावायला सांगितलं. आतून स्पष्ट फुस्स ऐकू आलं. "कार्बोरेटरकडून आलं असतं तर इनलेट. सायलेन्सरकडून येतंय म्हणजे एक्झॉस्टच. बोअरला काय झालंय?" आठ हजार तिथल्या तिथे वाचले.

हेड माझ्यासमोर उतरवलं. आतला वॉल्व्ह नवा नव्हताच. तोच जुना, जळकी कड घासून ब्लेडसारखी पातळ केलेला, वर ग्राइंडिंग पेस्टने सीटवर, म्हणजे वॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर, रगडलेला. सीट कापलेली नव्हती, रगडून नुसती रुंद झाली होती. हेडचं पॅकिंगही जुनंच, सीलंट फासून बसवलेलं. मी घरून आणलेला 'माझा जुना' वॉल्व्ह मामांच्या हातात दिला. त्यांनी तो गाइडमध्ये, म्हणजे वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, घालून पाहिला. दांडी शिरेचना. जाड होती. मामा म्हणाले, "हा तर कुठल्या मोठ्या गाडीचा. असा एक फळीवर ठेवलेला असतो बघा, येईल त्याला दाखवायला."

त्या मऊ आवाजाची गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त लागली. वॉल्व्ह दर वेळी सीटवर टेकतो तेव्हा त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टॅपेटमध्ये, म्हणजे वॉल्व्हची दांडी दाबणाऱ्या भागात, काही शतांश मिलिमीटरची जी फट ठेवतात ती याचसाठी, कारण तापल्यावर वॉल्व्ह लांबतो. फट बुजवली तर तो पुरता बसतच नाही, पेटलेला गॅस कडेने निसटतो आणि कड जळते. त्यात रगडलेला वॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो, दांडीचं टोक वर येतं, म्हणजे उरलीसुरली फटही कमी. आणि आपल्याकडे गिऱ्हाईक कशावरून खूश होतं? टॅपेट वाजत नाही यावरून! गॅरेजवाल्याने फट बुजवून मला हवा होता तो आवाज दिला होता.

पुढचं काम सरळ होतं. नवा वॉल्व्ह, नवं सील, नवं पॅकिंग, शेजारच्या मशीनवाल्याकडून सीट कटिंग. हेड बसवण्याआधी मामांनी ते एक्झॉस्टचं तोंड वर येईल असं ठेवून त्यात पेट्रोल ओतलं आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत तसंच ठेवलं. एक थेंब गळला नाही. टॅपेट इंजिन गार असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावले, एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त. सगळं मिळून 2,300, प्रत्येक वस्तू बिलावर वेगळी लिहिलेली. गाडी आता किंचित टिकटिकते. टिकटिकू दे.

तुमच्याबाबतीत असं झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. सेवेतल्या त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तिथे दाखवायला माझ्याकडे काय? वहीचं पान, त्यावर ना दुकानाचं नाव ना गाडीचा नंबर. जीपेची नोंद तेवढी होती.

ती नोंद, मामांकडे काढलेले फोटो आणि तो जाड दांडीचा वॉल्व्ह घेऊन मी गॅरेजवर गेलो. आधी "पोराने चुकून दुसरा दिला असेल," मग "आम्ही नवाच टाकला होता." फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला, कारण बाकड्यावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. बरीच घासाघीस होऊन 1,500 रुपये परत मिळाले. मी निघालो तर मागून हाक आली, "काका, तो वॉल्व्ह राहू द्या ना इथेच. तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

दिला नाही. खिडकीत ठेवलाय.