कांट की रॉस?

सोलापुरातल्या टॉवेल कारखानदार मित्राचा पेच: माल उद्या देण्याचा शब्द दिलाय, पण त्यासाठी तापानं फणफणलेल्या कामगाराला रात्रपाळीला यंत्रमागावर उभं करावं लागेल. कर्तव्य मानणाऱ्यानं परिणाम बघायचे का?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या मते (१७८५) कृतीचं नैतिक मोल परिणामांवर ठरत नाही. १७९७ मध्ये तर त्यानं लपलेल्या मित्राचा पत्ता विचारणाऱ्या खुन्याशीही खोटं बोलू नये म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. मात्र पळवाटेला जागा नाही, हे त्याचं बळ. शिवाय माणसाला निव्वळ साधन करायलाही त्याची मनाई आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस (१९३०) वचनपालनासोबत इजा न करणं, भलं करणं हीही कर्तव्यंच मानतो. म्हणजे परिणाम मोजायचे, पण निकाल एकट्या त्यांचा नाही. तोलताना डोकं जास्त लागतं, खात्री कमी.

कच्चा रंग पक्का म्हणून विकायचा मोह झाला, तर कांट. दोन खरी कर्तव्यं भिडली, तर रॉस. मित्रानं खरेदीदाराला आजच फोन करून मुदत मागावी.