स्कॉलरशिपचे पेढे वाटले होते आम्ही

पोरीला अमेरिकेत बीएसला पाठवायचं म्हणून नाशिकच्या ज्या कन्सल्टन्सीत आम्ही गेलो तिचं नाव लिहीत नाही, पण झालं ते सगळं लिहितो, कारण परत अ‍ॅडमिशनचा सीझन आलाय आणि आमच्यासारखे कितीतरी आईबाप आत्ता त्याच खुर्चीत बसलेले असतील.

ऑफिस एकदम चकाचक. भिंतीवर एअरपोर्टवर ट्रॉली घेऊन उभ्या पोरांचे फोटो, आणि कोपऱ्यात पितळेची घंटा, देवळात असते तशी. कुणाचा व्हिसा झाला की घंटा वाजवायची आणि स्टाफने टाळ्या वाजवायच्या. मॅडमचं पहिलंच वाक्य, "काउन्सेलिंगचा आम्ही एक रुपया घेत नाही सर." महावितरणमध्ये २७ वर्षं काढलेला माणूस मी, फुकट देणाऱ्याचा हात कुणाच्या खिशात आहे हे आधी बघायला हवं होतं, पण नाही बघितलं.

पोरीला एक स्टेट युनिव्हर्सिटी हवी होती, तिने स्वतः शोधलेली. मॅडम म्हणाल्या तिकडेही टाकू. अर्जांसाठी ई-मेल आयडी त्यांनीच बनवला, पासवर्ड त्यांच्याकडे, "म्हणजे तुमचं काही मिस होणार नाही". फीचे पैसे आम्ही दिले. महिन्याभराने फोन आला की तिकडून रिजेक्ट झालं, स्पर्धाच तेवढी आहे, पण एका प्रायव्हेट कॉलेजने तुमच्या मुलीला चक्क २४ हजार डॉलरची मेरिट स्कॉलरशिप दिलीये. ट्यूशन ४४ हजार, त्यातले २४ माफ. पत्र काय देखणं, सोनेरी शिक्का, खाली प्रेसिडेंटची सही. मी ते लॅमिनेट करून आणलं. सोसायटीत पेढे वाटले, आमच्या हिने माहेरी वेगळे पाठवले.

पण २४ वजा करूनही राहिलेले २० हजार, वर राहणं-खाणं १४ हजार, हे दरवर्षी. म्हणून फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं लोन काढलं. ऑगस्ट २०२२ला पोरगी गेली.

दोन वर्षं बरी गेली म्हणायची. ती मधेमधे सांगायची की बाबा, एक अख्खं हॉस्टेल कुलूप लावून ठेवलंय, मेसमध्ये गर्दीच नसते, दोन प्रोफेसर गेले त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मी म्हणायचो बरंय की, शांतता आहे, अभ्यास कर.

एप्रिल २०२४, रात्री अडीच वाजता फोन. तिकडे संध्याकाळचे पाच. आधी नुसती रडतच होती. मग कळलं की कॉलेज बंद होतंय, हीच शेवटची सेमिस्टर. मला वाटलं संप वगैरे असेल. अमेरिकेतलं कॉलेज बंद पडतं हे डोक्यात शिरेचना. तेव्हा वाचायला लागलो तर म्हणे तिकडे २००८च्या मंदीनंतर जन्मदर जो घसरला तो परत वर आलाच नाही, त्यामुळे कॉलेजच्या वयाची पोरंच आता कमी होत जाणार, आणि छोटी प्रायव्हेट कॉलेजं एकामागून एक बसतायत. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मेला सांगितलं आणि ७ जूनला कुलूप लावलं. एक आठवडा! म्हणजे आमच्या पोरीला निदान महिनाभर तरी मिळाला.

न्यू जर्सीत माझा भाचा असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर कॉलेज नॅव्हिगेटर नावाची तिकडच्या सरकारची वेबसाइट उघडली, फुकट आहे, कुणीही बघू शकतं. आमच्या कॉलेजचं पान काढलं आणि मला म्हणाला, "मामा, हे बघा, पहिल्या वर्षाच्या किती पोरांना कॉलेजची स्कॉलरशिप मिळते." १०० टक्के. शंभरातल्या शंभर पोरांना. म्हणजे ४४ हजार कुणीच भरत नव्हतं, तो आकडा नुसता लिहायचा. सेलमध्ये साडीवर आधी दुप्पट किंमत छापतात आणि मग पन्नास टक्के सूट देतात, तेच हे, फक्त वर सोनेरी शिक्का. तिकडच्या प्रायव्हेट कॉलेजांत पहिल्या वर्षाला सरासरी ५६ टक्क्यांच्या आसपास सूट असतेच म्हणे. आमची तर सरासरीपेक्षाही थोडी कमीच होती, आणि त्यावर आम्ही पेढे वाटले.

मग त्याने अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकलं. पैशांच्या परिस्थितीवरून २०२१ पासून वॉर्निंग. आमचा अर्ज जायच्या आधीपासून! मॅडमना हे माहीत नव्हतं? कन्सल्टन्सीत गेलो तर म्हणाल्या, "सर, आमचं काम व्हिसापर्यंत." मी विचारलं कॉलेजकडून किती कमिशन मिळालं, तर पाणी मागवलं माझ्यासाठी. अमेरिकेत डोक्यामागे कमिशन देऊन पोरं गोळा करायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, पण ती तिकडच्या पोरांसाठी. बाहेरून येणाऱ्या पोरांना त्यातून वगळलंय. म्हणून आम्हाला काउन्सेलिंग फुकट.

आणि खरा दगड तर पुढेच पडला. पोरीने आता स्वतः त्या स्टेट युनिव्हर्सिटीला मेल केला, की २०२२मध्ये तुम्ही मला नाकारलं होतं, आता ट्रान्सफर मिळेल का. उत्तर आलं, तुमचा आधीचा कुठलाही अर्ज आमच्याकडे नाही. अर्ज गेलाच नव्हता! फी घेतली, रिजेक्ट झाल्याचं सांगितलं, आणि पाठवलाच नाही, कारण तिथून कमिशन नाही. त्या ई-मेलचा पासवर्ड आजतागायत आम्हाला मिळालेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. कॉलेजच्या जिममध्ये टेबलं मांडून दुसरी कॉलेजं पोरं घ्यायला आली होती, त्यातलं कुठलं तिने घेतलं नाही. त्याच स्टेट युनिव्हर्सिटीत गेली, सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची तिकडच्या सरकारकडची नोंद, कॉलेज बंद व्हायच्या आत हलवलं, नाहीतर व्हिसाचं स्टेटस गेलं असतं. आधीच्या अभ्यासाचे ६२ क्रेडिट होते, नव्या ठिकाणी धरले ४१. एक वर्ष जादा, त्याचं टॉप-अप लोन वेगळं. कॉलेज बुडालं तर अमेरिकन पोरांचं सरकारी कर्ज माफ होऊ शकतं, आपल्या बँकेला मी कॉलेज बंद झाल्याचं पत्र दाखवलं तर साहेब म्हणाले हप्त्याचा आणि याचा काय संबंध. बरोबरच आहे त्यांचं.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये, तारखा पडतायत. अर्जाच्या फीची पावती आहे माझ्याकडे, तुम्हीही घेत जा, आणि पोराच्या ई-मेलचा पासवर्ड पोराकडेच ठेवा.

मागच्या आठवड्यात आमच्याच बिल्डिंगमधले एक जण पत्र घेऊन आले, मुलाला ६० टक्के स्कॉलरशिप, तीच कन्सल्टन्सी, कॉलेज दुसरं. मी लॅपटॉप उघडून पान काढून दिलं. ९९ टक्के. ते बराच वेळ बघत बसले आणि मग खिशातून फोन काढून बायकोला म्हणाले, "अगं, पेढ्यांची ऑर्डर दिलीस का?"

दिली होती.