हेडर विकणाऱ्याला तुमच्या गाडीचा जुना पार्ट कशाला हवा असतो?

गाडीला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, हेडर (इंजिनाचा जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टचा पार्ट) बसवायचा विचार असेल आणि विकणारा म्हणाला, ‘जुना पार्ट आम्हाला द्या, चार हजार कमी करतो,’ तर व्यवहार तिथेच थांबवा. एवढं वाचून पुढचं सोडून दिलंत तरी चालेल. का थांबवायचा हे जाणून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी गोव्यात डिचोलीला माझ्या घराच्या अंगणात जे झालं ते लिहितोय.

माझी गाडी 2018 ची, 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस4 (प्रदूषण नियमांचा टप्पा). चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये थोडी जान यावी आणि आवाज जरा भारदस्त व्हावा, एवढीच हौस. ज्यांना हेडर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारही सिलिंडरमधून निघणारा जळका वायू आधी मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो आणि मग सायलेन्सरकडे जातो. कंपनीचा मॅनिफोल्ड आखूड असतो, पुष्कळदा बिडाचा. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी मिळते. चाराच्या दोन आणि दोनाची एक अशा जोडल्या तर 4-2-1, त्याचा फायदा मधल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मधल्या वेगाला. चारही एकदम एकत्र आणल्या तर 4-1, त्याचा फायदा वरच्या आरपीएमला. यात खोटं काही नाही. म्हणूनच त्याच्या आडून खोटं विकता येतं.

जाहिरातीत चकचकीत 4-2-1 हेडर होता. ‘304 स्टेनलेस, 15 बीएचपी वाढ, घरी बसवा.’ (304 हा स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार, बीएचपी म्हणजे इंजिनाची ताकद.) किंमत 16,500, जुना मॅनिफोल्ड दिला तर 12,500. फोनवरचा माणूस छान मराठी बोलायचा, वाक्यागणिक ‘दादा’. त्याचे पहिले प्रश्न आता आठवले की चीड येते. गाडी कितवी मालकी? एक्झॉस्टला आधी कुणी हात लावलाय का? मॅनिफोल्डखालच्या डब्यावर नंबर कोरलेला असेल, त्याचा फोटो मिळेल का? मला वाटलं, माप बरोबर बसावं म्हणून विचारतोय. खरं तर मापाशी त्या नंबराचा काडीचा संबंध नव्हता.

तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन. थंड इंजिनातही तो लवकर तापावा म्हणून हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, माझ्या गाडीतही. त्यामुळे मॅनिफोल्ड काढला की कॅटकॉन आपोआप हातात येतो. आत बारीक जाळीची सिरॅमिक वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ लेप. 2021 मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून जास्त होता. तेव्हापासून तो बराच उतरला, पण गाडीत भंगारात जायच्या लायकीची सर्वात महागडी वस्तू अजून हीच. कुठल्या डब्यात किती माल आहे हे वजनावरून कळत नाही, वर कोरलेल्या नंबरावरून कळतं. फोटो त्यासाठी हवा होता.

‘गॅरेजला नेऊ नका दादा, ते पाच हजार घेतील, मी व्हिडिओ पाठवतो.’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की मलाच ते पटलेलं वाटू लागलं. कारण नंतर उमगलं. बरा मेस्त्री असता तर खाली ठेवलेला डबा पाहून त्याने आधी विचारलं असतं, हा कुणाला देतोस?

हेडर म्हापशाला खासगी बसच्या पार्सलमधून आला. रविवारी मी आणि मावसभाऊ कामाला लागलो. काम कठीण नाही, किचकट आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. स्टडवर (मॅनिफोल्ड धरून ठेवणारे बोल्ट) आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, नाहीतर स्टड मोडतो आणि मग हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, तो काढायला ड्रिल लागतं. बॅटरीची वायर सोडायची. ऑक्सिजन सेन्सरला खाच असलेला 22 चा सॉकेट लागतो. साध्या पान्याने केलं तर वायर पिळवटते. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, स्टँड हवेतच.

आमचं हे चाललेलं असताना त्या माणसाचा फोन चालूच. ‘काढला का? मुलगा डिचोलीतच आहे.’ नवा पार्ट बसायच्या आधी जुना न्यायची एवढी घाई कशाला, असं मावसभाऊ म्हणालाही. मॅनिफोल्ड खाली ठेवला न ठेवला तोच एक मुलगा स्कूटरवरून आला. मॅनिफोल्डला तडा गेलाय का, तोंड वाकलंय का, काही पाहिलं नाही. कोरलेल्या नंबराचा फोटो काढला, एका तोंडातून टॉर्च मारून दुसरीकडून जाळी शाबूत आहे की नाही ते पाहिलं, पोत्यात गुंडाळलं आणि गेला. पावती मागितली तर म्हणे शेठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील.

मग हेडर चढवायला घेतला. भोकं स्टडवर बसेनात. दोन भोकं कानसीने मोठी केली. फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी पट्टी, इतकी पातळ की नट आवळताना कडेला वाकली. गाडी सुरू केली तर टिकटिक आवाज आणि डोळे चुरचुरतील असा वास. सगळा वायू गॅस्केटपाशीच, म्हणजे जोडावरच्या सीलपाशीच, बाहेर येत होता. तिथून गळती असली की पुढच्या सेन्सरला बाहेरची हवा लागते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे गाडी जोर न वाढवता जास्त पिऊ लागली.

आमच्या शेजारी खाणीवरच्या ट्रकांचं काम केलेले एक जुने मेस्त्री राहतात. दुसऱ्या दिवशी ते डोकावले. बॉनेटखाली बघून म्हणाले, ‘हें कितें हाडलां रे तुवें?’ (हे काय आणलंस रे तू?) खिशातून लोहचुंबक काढून नळीला लावला. खटकन चिकटला. साधं लोखंड, वर पॉलिश. 304 ला चुंबक जवळजवळ धरत नाही. पण इथे एक गोम आहे. कंपन्या एक्झॉस्टला वापरतात ते 409 स्टेनलेसही चुंबकाला धरतं आणि ते वाईट नसतं. उलट स्वस्तातलं 202 धरत नाही, तरी आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते 304 पेक्षा खूप लवकर गंजतं. तेव्हा नुसत्या चुंबकावर जाऊ नका. स्टीलच्या दुकानात बॅटरी आणि थेंबाने तपासायचं किट असतं. 202 वर थेंब लाल होतो, 304 वर होत नाही. विकणारा ही तपासणी पैसे घेण्याआधी करू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

चेक इंजिनचा दिवा लागला. कोड आला पी0420, म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाही. करणार कसा? तो पोत्यातून गेला होता. फोन केला तर म्हणतो, ‘हा सगळ्यांनाच येतो दादा, मागच्या सेन्सरला स्पेसर लावा, दिवा जाईल.’ स्पेसर म्हणजे सेन्सरला धुरापासून थोडं लांब धरणारा तुकडा. दिवा जाईलही, धूर तोच राहील. बीएस4 पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत लागतो. कॅटकॉनशिवाय माझी गाडी त्याच्या कितीतरी वर गेली आणि नापास झाली. प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केल्याबद्दल कलम 182ए(4) खाली दर फेरफारामागे 5,000 रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद. हे सगळं मालकाच्या डोक्यावर येतं. त्याच्या बिलावर तळाला बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’.

महिनाभरात नळ्या तपकिरी झाल्या. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, ‘304 पण तापून रंग बदलतं.’ बदलतं, खरं आहे. सोनेरी होतं, निळसर होतं. पण बोट फिरवलं तर बोटाला गंजाची पूड लागत नाही. अर्धं खरं बोलण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही. 15 बीएचपीचा जो ग्राफ त्याने पाठवला होता त्याची सुरुवातच 110 च्या वर होती. माझं इंजिन कंपनीतून निघालं तेच 83 चं. दुसऱ्याच गाडीचा ग्राफ होता तो. ट्यूनिंगशिवाय नुसत्या हेडरने एवढ्या छोट्या इंजिनाला 15 वाढवून देतो म्हणणारा माणूस एकतर अडाणी किंवा चोर, आणि हा अडाणी नव्हता.

बिल नीट वाचलं ते शेवटी. पत्ता पर्वरीचा, जीएसटी नंबर मात्र 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. गोव्याचा 30 ने सुरू होतो. त्यातही अक्षरं 14, जी 15 असायला हवीत. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फुकटात, मिनिटभरात कळतं. यूपीआयवर पैसे पाठवताना दिसलेलं नावही दुकानाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. पैसे पाठवायच्या पडद्यावर ते नाव दिसतंच. तिथे क्षणभर थांबा. पर्वरीच्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आहे आणि मालकाला काही ठाऊक नाही. तोवर माझा नंबर ब्लॉक झाला होता.

पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, खात्यातली रक्कम गोठवली जायची शक्यता असते. माझ्याबाबतीत उशीर झाला होता, शिवाय पार्सल मिळालं असल्यामुळे हा मालाच्या दर्जाचा वाद ठरतो असं मला सांगितलं गेलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ती तयारी चालू आहे. त्या मुलाने नंबराचा फोटो काढला तेव्हा मावसभावाने गमतीत त्याचाच फोटो काढला होता. त्यात स्कूटरचा नंबर स्पष्ट आहे. सध्या माझ्या हातातला सर्वात भक्कम पुरावा तोच.

कंपनीचा नवा मॅनिफोल्ड कॅटकॉनसकट घ्यायचा तर मला सांगितलेला आकडा 30 हजारांच्या पुढे आहे. वापरलेला घेणार असाल तर टॉर्च मारून आत जाळी आहे की नाही पाहा. वीट काढून घेऊन रिकामा डबा परत वेल्ड केलेले पार्टही बाजारात विकले जातात.

त्याची जाहिरात नव्या नावाने पुन्हा फिरते आहे. फोटो तेच, हिरव्या चटईवर ठेवलेला हेडर आणि मागे अर्धवट दिसणारं कपाट. ‘जुना पार्ट द्या’ हे शब्द काढलेत. त्याजागी ‘पर्यावरणपूरक रिसायकल बोनस’ आहे, आणि चारऐवजी सहा हजार.