किमान खर्चाचे प्रॉब्लेम शिकायचेत? सीएसईएस घ्या, पण पहिल्या दिवशी नको

कोडिंग स्पर्धांना नुकती सुरुवात केलेल्यांना ‘कमीत कमी खर्च काढा’ हा प्रॉब्लेम लगेच भेटतो, आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. दर पायरीला समोर जे स्वस्त दिसतं ते उचलायचं, म्हणजे ग्रीडी. कधी चालतं, कधी साफ चुकतं. म्हणून नवशिक्याला अशी साइट हवी जिथे आपलं ग्रीडी नेमकं कुठे मोडलं ते दिसतं. या कसोटीवर हेलसिंकी विद्यापीठाच्या आन्टी लाक्सोनेन यांचा सीएसईएस प्रॉब्लेम सेट मला सगळ्यांत सरस वाटतो. सगळं मोफत आहे. सबमिट केल्यावर प्रत्येक टेस्टचा निकाल वेगळा येतो आणि चुकलेली टेस्ट उघडली की इनपुट, बरोबर उत्तर आणि आपलं उत्तर शेजारी शेजारी दिसतं. पानं साध्या मजकुराची असल्याने दादर ते कल्याण लोकलमध्ये, रेंज येत-जात असतानाही प्रॉब्लेम वाचून होतो.

त्यातला ‘मिनिमायझिंग कॉइन्स’ हा एक प्रॉब्लेम नीट केला तरी पुष्कळ शिकायला मिळतं. दिलेली रक्कम कमीत कमी नाण्यांत भरायची. नाणी १, ५ आणि ७ ची, रक्कम ११. ग्रीडी आधी ७ उचलतं, मग चार वेळा १, म्हणजे ५ नाणी. खरं उत्तर ३: ५, ५ आणि १. रीत अशी: ० रकमेला ० नाणी. मग १ पासून पुढे प्रत्येक रकमेसाठी एकेक नाणं ‘शेवटचं’ धरून बघा. ते वजा करून उरलेल्या रकमेचं उत्तर आधीच काढलेलं असतं, त्यात १ मिळवा. अशा सगळ्या पर्यायांतला लहानात लहान आकडा ठेवा. मर्यादा १०० प्रकारची नाणी आणि १० लाख रक्कम, म्हणजे १० कोटी बेरजा, आणि वेळ १ सेकंद. सी++ मध्ये साधे दोन लूप बसतात. साध्या पायथॉनमध्ये बसत नाहीत. रिकर्शनने, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं असं, लिहिलं तर खोली १० लाखांपर्यंत जाऊ शकते आणि प्रोग्राम कोसळू शकतो, त्यामुळे खालून वर लूपनेच भरा. जी रक्कम भरताच येत नाही तिच्या ‘अशक्य’ खुणेसाठी इंटची (साध्या पूर्णांक प्रकाराची) कमाल किंमत ठेवू नका. त्यात १ मिळवलं की आकडा ऋण होतो आणि तोच ‘किमान’ म्हणून निवडला जातो. १०० कोटी ठेवा, आणि शेवटी तोच उरला असेल तर उणे १ छापा.

सीएसईएसवरच्याच ‘स्टिक लेंग्थ्स’ मध्ये सगळ्या काठ्या एका लांबीच्या करायच्या, खर्च म्हणजे लांबीतला फरक. इथे सरासरीचा मोह होतो. काठ्या २, ३, १, ५, २. सरासरी २.६, म्हणून सगळ्या ३ केल्या तर खर्च ६. क्रमाने लावून मधली, म्हणजे २, धरली तर खर्च ५. मधल्या काठीपासून लक्ष्य एक पाऊल सरकवलं तर निम्म्या किंवा त्याहून जास्त काठ्या दूर जातात, म्हणून खर्च कधीच घटत नाही. बेरीज मात्र लाँग लाँगमध्येच, म्हणजे इंटहून मोठ्या पूर्णांक प्रकारात: २ लाख काठ्या आणि १०० कोटींपर्यंत लांबी, इंट पुरत नाही.

सीएसईएसची उणीव ही की प्रॉब्लेमचा उलगडा पानावर नाही, आणि फक्त सूत्र लावून सुटणारे खर्चाचे प्रॉब्लेम फार कमी. त्यासाठी आधी कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवरचा ४६६-ए, ‘चीप ट्रॅव्हल’, करा. एका फेरीचं तिकीट आणि ठरावीक फेऱ्यांचा पास, मेट्रोने जाणाऱ्याला समजवावं लागत नाही. पास ४ फेऱ्यांचा ५ रुपयांना, सुटी फेरी २ रुपये, फेऱ्या ७. एक पास आणि तीन सुट्या, ११ रुपये. दोन पास, १०. शेवटचा पास पूर्ण वापरला नाही तरी स्वस्त पडू शकतो, हे तपासायचं राहतं आणि चूक होते. उलट पासच महाग असेल तर सगळ्या सुट्या घ्यायच्या, तोही पर्याय किमानात धरा.

डीपीचा (डायनॅमिक प्रोग्रामिंग, म्हणजे वर नाण्यांसाठी वापरलेली, आधीची उत्तरं साठवून पुढचं काढायची रीत) पाया पक्का करायला ॲटकोडर या स्पर्धांच्या साइटची जानेवारी २०१९ ची ‘एज्युकेशनल डीपी कॉन्टेस्ट’ उत्तम. २६ प्रॉब्लेम, पहिला ‘फ्रॉग १’: बेडूक एक किंवा दोन दगड पुढे उडी मारत शेवटच्या दगडावर जातो, खर्च म्हणजे उंचीतला फरक. पहिल्या नमुन्यात (१०, ३०, ४०, २०) खर्च सारखा असताना लांबची उडी घेतली तर ग्रीडीलाही ३० हे बरोबर उत्तर मिळतं, म्हणून तेवढ्यावर खूश होऊ नका. तिसरा चालवा: ३०, १०, ६०, १०, ६०, ५०. ग्रीडी ६० देतं, खरं उत्तर ४०.

वेळेचंही बघा. कोडफोर्सेसचे राउंड बहुतेकदा रात्री ८.०५ ला सुरू होतात, तेव्हा उपनगरात राहणारा विद्यार्थी अजून गाडीत असू शकतो. ॲटकोडरची नवशिक्यांची स्पर्धा बहुतेक शनिवारी संध्याकाळी ५.३० ला, १०० मिनिटांची, ती मुंबईकराला सोयीची. राउंड चुकलाच तर कोडफोर्सेसवर ‘व्हर्च्युअल’ भाग घेऊन तोच पेपर तेवढ्याच वेळात घरी सोडवता येतो.